पुस्तक छापून देऊ नका साहेब, ते चालू ठेवायला पैसे द्या

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी लिबरऑफिस (पत्रं, तक्ते), गिम्प (फोटो), इंकस्केप (चित्रं) असल्या मुक्त, म्हणजे फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर मराठीत "हे कसं करायचं" टाईपची पुस्तकं लिहितो. कथा-कादंबरीवाले आम्हाला लेखक धरत नाहीत आणि कॉम्प्युटरवाले म्हणतात यूट्यूब असताना पुस्तक वाचतंय कोण, थोडक्यात दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पण वाचणारे आहेत हो. ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, शाळेतला क्लार्क, मंडळाचा अहवाल बनवणारा कार्यकर्ता, घरून डीटीपीची कामं घेणाऱ्या ताई. यांना लायसनचे पैसे परवडत नाहीत, इंग्रजी हेल्प वाचायचा कंटाळा येतो, आणि क्लासला जायला वेळ नाही.

तर मुद्दा असा की आमचं पुस्तक पंचांगासारखं असतं, जुनं झालं की उपयोग नाही. लिबरऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२३ पर्यंत ७.६ असे नंबर होते, २०२४ मध्ये एकदम २४.२ झाला कारण आता नंबरात वर्ष आणि महिना असतो, आणि मग मला फोन येतात की सर तुमचं पुस्तक सातचं आहे, आमच्याकडे चोवीस आहे, मधले सतरा कुठून शिकायचे 😄 हसू नका, प्रश्न बरोबरच आहे, पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं ना.

गिम्पचं तर विचारूच नका. २०१२ साली २.८ आलं तेव्हापासून सेव्ह केलं की फाईल फक्त एक्ससीएफमध्येच, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या प्रकारातच राहते, जेपीजी पाहिजे तर एक्स्पोर्ट करावं लागतं. त्याआधीचं पुस्तक हातात धरून बसलेला माणूस सेव्ह ॲजमध्ये जेपीजी नाव टाकत राहतो आणि शेवटी म्हणतो की फुकटचं सॉफ्टवेअर म्हणूनच असं चालतं! आता मार्च २०२५ मध्ये ३.० आलं, फिल्टर लावला तरी तो लेयरवर (चित्राच्या थरावर) वेगळा राहतो, नंतर काढता येतो, बदलता येतो. म्हणजे फोटो दुरुस्तीचं अख्खं प्रकरण नव्याने लिहायचं, प्रत्येक स्क्रीनशॉट परत काढायचा, त्याच्यावर बाण आणि आकडे परत टाकायचे. लिहायला लागत नाही तेवढा वेळ या स्क्रीनशॉटात जातो, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. प्रकाशक म्हणतो आधीच्या प्रती पडून आहेत, त्या संपू द्या मग बघू. त्याचंही चूक नाही, त्याला गोडाऊनचं भाडं आहे.

कोणी म्हणेल इंग्रजी गाईड आहेतच की, भाषांतर करून टाका. आहेत, आणि झकास आहेत. लिबरऑफिसची गाईड स्वयंसेवक लिहितात, पीडीएफ आणि ओडीटी (लिबरऑफिसची, बदल करता येणारी फाईल) दोन्ही फुकट मिळतात, भाषांतराची परवानगीही लायसनमध्येच आहे. पण रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहायच्या भागात, पॅराग्राफ स्टाईलच्या फॉन्ट टॅबमध्ये दोन कप्पे असतात, एक वेस्टर्न आणि एक सीटीएल म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, अक्षरं जोडून लिहायच्या लिप्यांसाठी. आपली देवनागरी दुसऱ्या कप्प्यात येते. माणूस पहिल्या कप्प्यात साईज १२ ची १६ करतो, ओके दाबतो, मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. लंडनमध्ये बसून इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही, त्यामुळे इंग्रजी गाईडचा भर तिथे नसतो, आणि आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत माणूस इथेच अडकतो. तीच गत जुन्या फाईलींची. श्रीलिपी नाहीतर सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले ठराव आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, ते कन्व्हर्ट कसे करायचे हे प्रकरण मराठी पुस्तकात पहिलं पाहिजे आणि इंग्रजी पुस्तकात ते कशाला असेल. स्क्रायबस हे पानं मांडायचं मुक्त सॉफ्टवेअर, त्याच्या १.४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळायची नाहीत, ती सोय १.५ मध्ये आली आणि स्थिर आवृत्ती १.६ म्हणून २०२४ ला मिळाली, तोवर आपले प्रेसवाले पेजमेकर (पानं मांडायचं जुनं विकतचं सॉफ्टवेअर) सोडायला तयार नव्हते, कसे होणार?

व्हिडिओंना माझा विरोध नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, मी स्वतः लोकांना तिकडे पाठवतो. पण ऑफिसात समोर रांग असताना कोण कानात हेडफोन घालून बसणार, तिथे पान उघडून "मेल मर्ज, पायरी तिसरी" बघणंच बरं पडतं.

आणि हे होत नाही असं नाही. केरळात शाळांच्या आयसीटी (माहिती तंत्रज्ञान) पुस्तकांत गिम्प, इंकस्केप, लिबरऑफिस शिकवतात, तेही मल्याळममधून, आणि शाळांसाठी त्यांची स्वतःची, उबुंटूवर (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त सिस्टीम) बेतलेली सिस्टीम आहे. तिथे पुस्तक आणि सॉफ्टवेअर दोन्हीची काळजी एकच सरकारी संस्था घेते, काईट नावाची. आपल्याकडे साहित्य संस्कृती मंडळ आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, बालभारती आहे, माणसं कमी नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे मीही वाटले. आता माझं मागणं एवढंच आहे. नवलेखकांना पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं तसं आमच्यासारख्यांना सुधारित आवृत्तीला मानधन द्या. अट घाला ना, की फाईल ओडीटीमध्ये, चित्रांसकट, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात सगळ्यांना खुली ठेवायची, म्हणजे उद्या मी कंटाळलो तर चंद्रपूरचा कोणी मास्तर तीच फाईल पुढे नेईल, त्याला पहिल्यापासून सुरुवात नको. छपाईचा खर्च मागत नाही, छापील प्रत ज्याला पाहिजे तो काढेल. फक्त ग्रंथालयांसाठी कॉम्प्युटरची पुस्तकं निवडताना सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती ते कव्हरवर छापलेलं आहे का एवढं बघायला सांगा, नाहीतर २०१२ च्या आधीचं गिम्पचं पुस्तक कोरं करकरीत कपाटात आणि वाचणारा बिचारा सेव्ह ॲजमध्ये जेपीजी शोधतोय.

सोबत एका प्रकरणाची जुनी आणि सुधारलेली अशा दोन्ही फाईली जोडतोय, शेजारी शेजारी उघडून बघा म्हणजे दोन वर्षांत किती बदललं ते कळेल. ओडीटी आहेत. तुमच्या कार्यालयात उघडल्या नाहीत तर कळवा, पीडीएफ पाठवतो.

आपला,
एक मराठी संगणक-लेखक