अंडी कडाडली, पण कुणासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'अंडी कडाडली, नाश्ता महागला' ही बातमी वाचली. रात्रभर विचार केला, लिहावं की नको. सकाळी खाद्य घालून झालं तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

बातमीत ठाण्याच्या गृहिणी बोलल्या, पुण्यात भुर्जीपावची गाडी लावणारे बोलले, एका आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याऐवजी काय खावं तेही सांगितलं. सगळ्यांचं बरोबर आहे. फक्त कोंबड्या पाळणाऱ्या एकाही माणसाला तुमच्या बातमीदाराने फोन केलेला दिसत नाही. आमच्या विटा-खानापूर भागात अंड्यांचे पोल्ट्रीवाले शोधायला दिवा लागत नाही. कुणाच्याही शेडवर या, चहा पाजू.

दरवाढीचं कारण काय दिलंय, तर 'थंडीमुळे वाढलेली मागणी'. थंडी दरवर्षी पडते हो. उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत दर खर्चाच्या खाली होता तेव्हा किती जणांनी पिल्लं टाकलीच नाहीत, किती जणांनी कोंबडी अंड्यावर असतानाच गाडीत भरून दिली, हे कुणी मोजलं का? पिल्लू टाकल्यापासून पहिलं अंडं यायला १८ ते २० आठवडे लागतात. तेवढे दिवस ती नुसती खाते. म्हणजे जून-जुलैत जे शेड रिकामं राहिलं, त्याची टंचाई तुम्हाला डिसेंबरात दिसते. जूनमध्ये तुमच्या पेपरात आमच्याबद्दल एक ओळ नव्हती. मी रोज वाचते, त्यामुळे खात्रीने सांगते.

आणि दर वाढला म्हणजे तो आमच्या हातात आला असं कुणी समजू नये. 'मायनस' हा प्रकार तुमच्या वाचकांना माहीत नसेल. एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा दर रोज जाहीर होतो, शंभर अंड्यांना इतके. तो सूचक दर, बंधनकारक नाही. व्यापारी त्यातून आपल्या मनाने वजा करतो आणि उरेल ते आम्हाला देतो. १९८२ साली ही समिती उभी राहिली तीच मुळी शेतकऱ्याच्या अंड्याचा दर व्यापाऱ्याने नाही, शेतकऱ्याने ठरवावा म्हणून. माझे सासरे त्या काळात हौसेने बैठकांना जायचे.

गेल्या श्रावणातलं सांगते. आमच्या शेडात आठ हजार कोंबडी, रोजची सात हजारांच्या आसपास अंडी, म्हणजे तेहतीस-चौतीस पेट्या. नेहमीच्या व्यापाऱ्याची गाडी ठरल्या दिवशी आली नाही. फोन केला तर 'उद्या'. दुसऱ्या दिवशी परत 'उद्या'. आमच्याकडे शीतगृह नाही, पत्र्याची खोली आहे. ट्रेवर ट्रे चढत छताला टेकले, मग व्हरांड्यात रचले, मग घरातल्या पुढच्या खोलीत. पाहुणे आले तर बसायला जागा नव्हती. कोंबडीला तर श्रावण पाळा म्हणून सांगता येत नाही! अंडं ठेवून ठेवलं की आतलं पाणी उडतं, वजन घटतं, मग तेच 'माल जुना आहे' म्हणून कमी दराने मागतात. जुना केला कुणी?

चौथ्या दिवशी गाडी आली. बरोबरच्या माणसाने चिठ्ठीवर छापील दरापेक्षा शेकड्याला ४५ रुपये कमी लिहिले. आमचे हे शेतावर होते, म्हणून मीच विचारलं, एवढे का? तर म्हणतो, "वहिनी, मुंबईत हैदराबादच्या गाड्या उतरल्यात. द्यायचं तर द्या, नाहीतर राहू दे." दिलं. काय करणार होते? त्यातही फुटीचे ट्रे वेगळे कापले, ते आमच्या खोलीत फुटले की त्याच्या गाडीत, ते देवाला ठाऊक. पैसे गणपती बसल्यावर मिळाले. शेकड्याला ४५ म्हणजे आमच्या एका दिवसाच्या मालामागे तीन हजारांवर रुपये गेले, आणि अडकलेला माल चार दिवसांचा होता. दाद मागायला जागा नाही. पावती विचारली तर पुढच्या खेपेला गाडी येत नाही.

त्या आठवड्यात शहरात अंडी स्वस्त झाली होती का? माझी मुलगी पुण्यात शिकायला आहे. तिच्या खोलीखालच्या दुकानात डझनाचा भाव एक रुपयानेही उतरला नव्हता. आता चढलेला भाव मात्र दोन दिवसांत दुकानात पोचला.

खाद्याचं थोडक्यात सांगते. खर्चातला मोठा वाटा खाद्याचा, त्यात निम्म्याहून जास्त मका. २०२४ मध्ये मका इथेनॉलकडे वळला आणि आमचं गणित बसेना. मक्याला भाव मिळू नये असं मी म्हणणार नाही, माझा सख्खा भाऊ मका करतो. पण त्याच्या मक्याला किमान हमीभाव नावाचा कागद तरी आहे. तो पाळला जात नाही, ते वेगळं.

गंमत म्हणजे राज्याला अंडी कमी पडतात. २०२३ च्या जानेवारीत पशुसंवर्धन विभागानेच सांगितलं होतं की महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींवर अंडी लागतात आणि एक कोटीची तूट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला. आम्हाला वाटलं, चला, श्रावण असो वा शिमगा, एक तरी बांधलेलं गिऱ्हाईक मिळालं. तर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निधी बंद केला आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून करा. आमच्या गावच्या शाळेत लोकसहभाग म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलं असेलच. ट्रे पाठवतो अधूनमधून. हेडमास्तर आभाराचं पत्र देतात.

आणखी एक, राहवत नाही म्हणून. बर्ड फ्लूची बातमी राज्यात कुठेही असो, तुम्ही पांढरे अंगरखे घातलेली माणसं पोत्यात कोंबड्या भरतायत तोच फोटो छापता. खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र'. ते बारीक अक्षर कुणी वाचत नाही, फोटो सगळे बघतात. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्यानंतर विट्याच्या बाजारातसुद्धा लोक अंड्याला हात लावेनात. नीट शिजवलेलं अंडं खायला हरकत नाही, हे वाक्य तुमच्या बातमीत होतं. पान ७ वर, शेवटून दुसरं.

मागणी एवढीच आहे. तुमच्या बाजारभावाच्या रकान्यात सोनं, चांदी, कांदा, कोथिंबिरीची जुडी सगळं असतं. त्यात अंड्याचा जाहीर दर, शेडवरचा दर आणि किरकोळ दर असे तीन आकडे शेजारी-शेजारी छापा. रोज नको, आठवड्यातून एकदा चालेल. जागेची अडचण असेल तर कालच्याच अंकाच्या पुरवणीत 'अंड्याशिवाय मऊसूत केक' ही पाककृती अर्धं पान पसरली आहे, तिथे होईल.

पत्र मोठं झालंय, कळतंय. कापायचं असेल तर शाळेचा परिच्छेद कापा, श्रावणातल्या चिठ्ठीचा नको.

आपली,
एक अंडी उत्पादक वाचक
ता. खानापूर, जि. सांगली