आजीला ‘अवलंबित’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय, आता कमावत्यांवर बोजा पडणार असे लेख हल्ली सारखे वाचायला मिळतात, आणि त्यात १५ ते ६४ वयाचे कमावते नि ६५ च्या पुढचे सगळे अवलंबित असा सरसकट हिशोब असतो. बायकांच्या बाबतीत तर त्याही आधीच, म्हणजे पाळी गेली की लगेच, भाषा बदलते. माझी पाळी गेली तेव्हा एका डॉक्टरांनी "आता शरीराचं काम झालं, आराम करा" असं सांगितलं होतं, चांगल्या मनानेच सांगितलं असेल पण ते वाक्य मला लागलं ते अजून लागतंय. म्हणून क्रिस्टन हॉक्स यांच्या संशोधनाबद्दल लिहितेय.

हॉक्स या अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ. उत्तर टांझानियात एयासी तलावाच्या आसपास हाद्झा लोक राहतात, शिकार, कंद, फळं, मध यावर जगणारे. १९८० च्या दशकात हॉक्स आणि त्यांचे सहकारी तिथे राहिले आणि कोण किती अन्न आणतं ते मोजत बसले. पुरुष शिकार करतो आणि बायकापोरं त्यावर जगतात हे आपण सगळेच धरून चालतो ना, तर त्यांच्या नोंदीत मोठ्या जनावराच्या मागे गेलेला शिकारी १०० दिवसांपैकी जवळपास ९७ दिवस रिकाम्या हाताने परत येत होता! आणि जनावर मिळालंच तरी मांस सगळ्या वस्तीत वाटलं जायचं.

मग रोज पोरांच्या पोटात काय जात होतं? कंद. ते कडक जमिनीत खोल असतात, टोकदार काठीने खणायचं, आड येणारे दगड हाताने उपसून बाजूला टाकायचे, लहान पोराच्या ताकदीचं ते कामच नाही. आणि हे तासन् तास करणाऱ्यांत साठीच्या पुढच्या बायका होत्या, तरुण मुलींपेक्षा जास्त वेळ खणणाऱ्या. एरवी मुलाचं वजन किती वाढतं ते आईने किती अन्न आणलं त्यावर ठरत होतं, पण आईला दुसरं बाळ झालं, ती अडकली, की अंगावरून सुटलेल्या मोठ्या पोराचं वजन आजी किती खणते त्यावर ठरायला लागलं. मला हे वाचताना भरून आलं खरंच. त्यावरून १९९८ साली त्यांनी मांडलं की पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं जगते ती उगाच नाही, आजीने पोरं सांभाळली म्हणून आईला पुढचं मूल लवकर होऊ शकलं आणि जास्त जगण्याचा गुण पुढच्या पिढ्यांत टिकला.

स्त्री-पुरुष संख्येचा मुद्दा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो कुणी बोलतच नाही. आयुष्य वाढलं तसं पुरुषांचंही वाढलं, पण त्यांना म्हातारपणीही मूल होऊ शकतं आणि बाईला पन्नाशीनंतर नाही. म्हणजे जन्माला मुलगे-मुली साधारण सारखे असले तरी मूल होऊ शकणाऱ्यांत पुरुष जास्त होत जातात. २०१५ मध्ये हॉक्स आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर हे चालवून बघितलं तर अशा १०० बायकांमागे ७७ पुरुष होते ते १५६ वर गेले. इतकी स्पर्धा असेल तर नव्या जोडीदारामागे फिरण्यापेक्षा आहे तिच्याजवळ राहणंच पुरुषाला फायद्याचं ठरतं, म्हणजे जोडीने राहण्याची मुळं शिकारीत शोधायची गरज नाही, ती आजीपर्यंत जातात असं त्यांचं म्हणणं.

हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही, तेही सांगायला हवं. फ्रँक मार्लो यांनी त्याच हाद्झांमध्ये दाखवलं की घरात तान्हं बाळ असेल तर बाप जास्त अन्न आणतो, म्हणजे बापाला मोडीत काढता येत नाही, आणि मला काढायचंही नाहीये. पण आजीचं पारडं जड आहे हे दुसरीकडूनही दिसलं, फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या चर्चच्या नोंदी तपासून २००४ साली छापलेल्या अभ्यासात पन्नाशीनंतर बाई जितकी जगली त्या दर १० वर्षांमागे तिला साधारण २ नातवंडं जास्त होती.

आणि पूर्वी माणसं तिशी-पस्तिशीतच मरायची हा गैरसमज कृपया परत परत छापू नका. ती सरासरी लहान मुलांच्या मृत्यूंमुळे खाली येते. शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या समाजातही जो मोठा झाला तो बऱ्याचदा सत्तरीपर्यंत पोचायचा, म्हणजे आजी ही काही औषधांनी आणलेली नवी गोष्ट नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी लोकसंख्येवरच्या लेखाबरोबर अवलंबितांचा आलेख छापाल तेव्हा त्या वयाच्या बायका दिवसातले किती तास नातवंडांना सांभाळतात, भरवतात, झोपवतात तेही विचारून शेजारी छापा.

आपली नियमित वाचक