भेगाळलेल्या भिंतीचे गणित

संपादक महोदय,

भेगा पडलेल्या आरसीसी भिंतीबद्दल शंका काढली की ‘सॉफ्टवेअरमध्ये तपासले आहे’ असे उत्तर मिळते. मॉडेलमध्ये भेग धरली कशी, हे सहसा कोणी विचारत नाही.

रूढ पद्धतीत अखंड छेदाच्या स्टिफनेसला (वाकण्याला होणाऱ्या विरोधाला) भेगांमुळे होणारी घट दाखवणारा गुणक लावतात. काँक्रीट बांधकामाच्या अमेरिकी एसीआय 318 संहितेत तो न भेगाळलेल्या भिंतीला 0.70 आणि भेगाळलेल्या भिंतीला 0.35 आहे. घोळ होतो तो गुणक भरताना. ईटॅब्स या इमारत-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेल (पातळ पत्र्यासारख्या घटकांच्या) भिंतीचा प्रतलातला, म्हणजे तिच्या लांबीच्या दिशेने, वाकण्याचा स्टिफनेस मुख्यतः उभ्या दिशेच्या एफ22 या गुणकातून येतो; एम11 आणि एम22 प्रतलाबाहेरच्या वाकण्यासाठी असतात. 0.35 फक्त एममध्ये भरून एफ22 ला 1 च ठेवले, की गणित अखंड भिंतीचे होते आणि रिपोर्टात मात्र ‘क्रॅक्ड सेक्शन’ छापून येते!

सगळ्या उंचीला एकच गुणक हेही बरोबर नाही. 3 मीटर लांब, 200 मिमी जाड भिंतीचे काँक्रीट 3.8 मेगापास्कल ताणाला फाटते असे धरा. वरून दाब नसेल तर सुमारे 1,150 किलोन्यूटन-मीटर मोमेंटला (भिंत वाकवणाऱ्या परिणामाला) तडा जाईल. 2 मेगापास्कल दाब असेल तर सुमारे 1,750 ला. म्हणून प्रत्येक मजल्याचा ताण पाहून गुणक बदलावा आणि विश्लेषण पुन्हा चालवावे. सरसकट 0.35 लावणे सुरक्षित वाटते, पण सगळा आडवा जोर भिंतींवरच असेल तर इमारतीचा झुलण्याचा काळ जवळपास 1.7 पट होतो आणि भूकंपाचे हिशोबी बळ बहुधा घटते.

शिअरच्या (कातर बळाच्या) तिरप्या भेगा मात्र गुणकात मावत नाहीत. तिथे नॉनलिनियर (भेगेनंतरचे बदलते वर्तन धरणारे) मॉडेल लागते आणि त्यात मेशचा, म्हणजे भिंतीची छोट्या तुकड्यांत (एलिमेंटमध्ये) केलेल्या विभागणीचा, सापळा असतो. एलिमेंट बारीक करत गेलो की भिंत लवकर मोडते, कारण तडा एकाच ओळीत एकवटतो आणि फाटायला लागणारी ऊर्जा कमी भरते. त्यावर उपाय असा, की ताण उतरणीच्या वक्राखालचे क्षेत्रफळ फ्रॅक्चर एनर्जी (एकक क्षेत्रफळाचा तडा उघडायला लागणारी ऊर्जा) भागिले एलिमेंटची रुंदी इतके ठेवायचे. भेगेला काटकोनात ताणलेले काँक्रीट भेगेच्या दिशेने दाबही कमी सोसते; व्हेकियो आणि कॉलिन्स यांच्या 1986 च्या सिद्धान्तात हे धरलेले आहे. ते वगळले तर भिंतीची ताकद फुगते. भेग कितीही उघडली तरी शिअर रिटेन्शन (भेगेनंतर उरणारा शिअर स्टिफनेसचा हिस्सा) 0.2 वर स्थिर ठेवल्यानेही तेच होते.

पायाशी सळई थोडी सरकते आणि भिंत तेवढी जास्त कलते. सळई-काँक्रीटची पकड पक्की धरलेल्या मॉडेलमध्ये हे कलणे दिसत नाही. भिंतीच्या मोजलेल्या सरकण्यापेक्षा मॉडेलमधल्या भिंतीचे सरकणे कमी येत असेल, तर काँक्रीटचे आकडे बदलण्याआधी पायाच्या सांध्यात रोटेशनल स्प्रिंग (फिरण्याला लवचिक विरोध करणारी जोडणी) घालून पाहावी.

– एक संरचना अभियंता