लघवी निसटते म्हणून पाणी तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खोकताना, हसताना, भरलेली बादली उचलताना लघवी निसटते ही तक्रार बायका दवाखान्यातून उठता उठता सांगतात. तोवर घरी एक इलाज सुरू झालेला असतो : पाणी तोडणे. त्याने लघवी दाट होते, लघवीच्या पिशवीला झोंबते आणि घाई उलट वाढते, वर बद्धकोष्ठता.

निसटण्याचे मुख्य प्रकार दोन. पोटावर दाब आला की थेंब गळतात, तो एक; अनावर घाई होऊन संडासापर्यंत पोचायच्या आतच होते, तो दुसरा. काहींना दोन्ही असतात. पहिल्यात मूत्रमार्गाचा आधार सैलावलेला असतो, दुसऱ्यात पिशवी अवेळी आकुंचन पावते. सॉलिफेनॅसिन, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या घाईसाठी आहेत, खोकल्यासरशी होणाऱ्या गळतीसाठी नाहीत. त्यांनी तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो आणि म्हाताऱ्या माणसांना भ्रमही होऊ शकतो.

प्रकार ओळखायला आधी मोजपात्र आणि वही घ्यावी. तीन दिवस, त्यात एखादा सुटीचा, लिहावे : किती वाजता किती मिलि झाली, काय किती प्यायले, काय करताना निसटली. दर वेळी जेमतेम १०० मिलि होत असेल तर संसर्ग किंवा चाळवलेली पिशवी यांचा विचार करावा. चोवीस तासांत किलोमागे ४० मिलिपेक्षा जास्त, म्हणजे ६० किलोच्या बाईला २४०० मिलिच्या वर जात असेल, तर आधी पिण्याचे प्रमाण आणि रक्तातली साखर पाहावी. रक्तदाबाच्या गोळ्याही वहीत लिहाव्यात. रॅमिप्रिल, एनालॅप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. गळतीचे मूळ तिथेही असते. गोळी मात्र डॉक्टरांनीच बदलावी.

सोनोग्राफी केंद्रांनाही एक सांगणे आहे. बाईला लिटरभर पाणी पाजून कळ येईपर्यंत ताटकळत ठेवले की ताणलेली पिशवी एका बैठकीत रिकामी होत नाही. मग अहवालात ‘लघवी शिल्लक १५० मिलि’ असे येते आणि नसता घोर लागतो. अशा वेळी दहा मिनिटांनी पुन्हा लघवीला पाठवून मोजावे.

दाबाने होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय व्यायाम. उताणे झोपून गुडघे वाकवावेत. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखे स्नायू आत-वर ओढावेत, पाच सेकंद धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. धरण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांवर न्यावा. खोकला-शिंक येण्याआधी हेच स्नायू आवळायची सवय लावावी. पुष्कळजणी श्वास कोंडतात, नितंब आवळतात किंवा चक्क खाली जोर देतात. खाली जोर दिल्याने आधार आणखी सैलावतो. योगवर्गात मूलबंध शिकलेल्यांनी तो कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता, करावा. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नये, पिशवी अर्धवट रिकामी राहते. संबंधाच्या वेळी दुखणे किंवा लघवी सुरू व्हायला वेळ लागणे असे असेल तर स्नायू आधीच आवळलेले असू शकतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावे लागते.

घाईच्या प्रकाराला वेळापत्रक लागते. कळ आली की धावू नये. थांबून, स्नायू चारपाच वेळा झटपट आवळून, कळ ओसरल्यावर जावे. दोन लघव्यांतले अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवावे. सहा आठवडे तरी द्यावेत. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद.

लघवीतून रक्त, दुखत नसले तरी, किंवा थंडी-ताप आणि कुशीत दुखणे असेल तर व्यायामाची वाट पाहू नये. लघवी एकदम अडली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायांतले बळ गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा