पैसे अडकतात ते कोटेशनमध्येच

संपादक महोदय,

लघुउद्योगांच्या थकीत बिलांचा विषय निघाला की ४५ दिवसांच्या नियमाचा उल्लेख हमखास होतो. नियम चांगला आहे. पण तो वापरायला जे कागद लागतात, ते बहुतेक वर्कशॉपमध्ये नसतात. आणि ते बिल थकल्यावर गोळा करता येत नाहीत, कोटेशनपासूनच तयार व्हावे लागतात.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, मग पीओवर (खरेदीदाराच्या लेखी ऑर्डरवर, म्हणजे पर्चेस ऑर्डरवर) ‘९० दिवस’ छापलेले का असेना. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरते आहे, मध्यम उद्योगांना नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवावी. करारानंतर केलेल्या नोंदणीला मागच्या व्यवहारांसाठी लाभ द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला होता.

आता खरी गफलत कुठे होते ते पाहा. फॅब्रिकेशनवाला कोटेशनमध्ये ‘४० टक्के ॲडव्हान्स, ५० टक्के माल निघण्यापूर्वी, १० टक्के कमिशनिंगनंतर’ असे लिहितो. कमिशनिंग, म्हणजे माल जागेवर बसवून चालू करून देणे, नेमके कधी पूर्ण झाले म्हणायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. पार्टीच्या जागेवर फाउंडेशन तयार नसते, वीजजोडणी आलेली नसते, आणि शेवटचे १० टक्के, म्हणजे बहुतेक वेळा सगळा नफाच, वर्षभर लटकतो. त्याला एका ओळीचा उपाय आहे : ‘कमिशनिंग किंवा माल पोचल्यापासून ३० दिवस, यांपैकी जे आधी होईल ते.’ वाहतूक, अनलोडिंग, क्रेन, जीएसटी कोणाकडे, हेही तिथेच लिहावे. लोखंडाचा भाव हलता असतो, म्हणून कोटेशनची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नको. ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, म्हणजे ते कितव्या सुधारणेचे आहे हे, कोटेशनवर हवेच. तो नसेल तर रिव्हिजन दोनप्रमाणे बनवलेला माल रिव्हिजन तीनवर तपासला जातो आणि रिजेक्शन तुमच्या नावावर पडते.

पीओ आला की आपण रक्कम आणि डिलिव्हरीची तारीख पाहतो, मागची बारीक अक्षरे वाचत नाही. उशिराचा दंड आणि पेमेंटची मुदत तिथेच बदललेली असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अटी बदललेला पीओ हा नवा प्रस्ताव ठरतो, आणि हरकत न घेता माल पाठवला तर तो तुम्ही मान्य केला असे धरले जाऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, न पटलेल्या अटींचा एक ईमेल जायलाच हवा. ‘तेवढं ब्रॅकेट पण टाकून द्या’ असा वाढीव कामाचा फोन आला तरी तसेच करावे. दर लिहून पाठवावा आणि होकार लेखी घ्यावा.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे चलन, मालासोबत जाणारा आणि पोच म्हणून सही-शिक्का घेतला जाणारा. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे कायदा मानतो. मुदत तिथून मोजली जाते. गेटवरच्या शिक्क्यातली तारीख पुसट असेल तर सगळा हिशेबच वादात जातो. ड्रायव्हरने शिक्का आणि सही वाचता येते का हे पाहूनच गाडी काढावी. फोनवर सांगितलेले रिजेक्शन लेखी मागावे.

आयकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीमुळे मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्याच वर्षी मिळते. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक छापावी. मार्चमध्ये खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाचे लक्ष त्यावर जातेच.

जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी कोटेशन, पीओची पोच आणि चलन यांचे मराठी नमुने नव्या उद्योजकांच्या हाती द्यावेत, ही विनंती. दोन पानांचे काम आहे.

– एक लघुउद्योजक, भोसरी