संत्र्यावरील फळमाशीच्या ल्युअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मिथाइल युजेनॉलच्या पाकिटांत वेगळाच ल्युअर निघाल्याबाबत

महोदय,

काटोल (जि. नागपूर) येथील ६ एकर संत्राबागेसाठी आमच्या गटाने आपल्याकडून ६० फळमाशी सापळे आणि तितकेच मिथाइल युजेनॉलचे (संत्र्यावरच्या फळमाशीच्या नरांना खेचणारा गंध) ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायच्या गंधाच्या वड्या, घेतले. एकरी १० या हिशेबाने ते झाडाच्या सावलीत, छातीच्या उंचीवर टांगले आहेत. आंबिया बहाराची फळे रंगावर येत आहेत, म्हणजे फळमाशीचा धोका सर्वांत जास्त असतो तो हाच काळ.

सापळ्यांत माश्या पडतात, पण त्या संत्र्याच्या नव्हेत. संत्र्यावरच्या माशीची (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) पाठ काळसर असते, तिच्या दोन्ही कडांना पिवळी पट्टी असते, पंख जवळपास स्वच्छ असतात आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण असते. आपल्या सापळ्यांतली माशी तांबूस आहे, पाठीवर मधोमध तिसरी पिवळी पट्टी आहे आणि पंखांवर तपकिरी डाग आहेत. ही काकडीवर्गीय पिकांची माशी. बागेच्या धुऱ्यापलीकडे कारली-दोडक्याचे मांडव आहेत, ती तिकडून येते. तिचे नर क्यू-ल्युअर या दुसऱ्या गंधाकडे धावतात, मिथाइल युजेनॉलकडे नाही. शिवाय मिथाइल युजेनॉलला लवंगेसारखा वास असतो, तो या वड्यांना अजिबात नाही.

खात्रीसाठी त्याच बागेत, पण वास एकमेकांत मिसळू नये इतक्या अंतरावर, दुसऱ्या कंपनीचे मिथाइल युजेनॉल आपल्याच सापळ्यांत लावून पाहिले. तिथे संत्र्याची माशी पडली. म्हणजे सापळ्यात दोष नाही. छत, नरसाळे, तार, सगळे व्यवस्थित आहे. दोष वडीत आहे.

सापळा रिकामा राहिला असता तर शंका लगेच आली असती. इथे माश्या भरलेल्या दिसतात, म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो आणि संत्र्याच्या माशीचे नर सापळ्यात न अडकता बागेत मोकळे फिरतात आणि माद्यांशी मीलन करतात. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळते. गळलेली फळे चिरली तेव्हा आत अळ्या सापडल्या. ती गोळा करून खोल पुरत आहोत, कारण अळी फळातून उतरून जमिनीत कोष करते.

पाकिटांवर बॅच क्रमांक आहे, मात्र आत कोणता गंध किती भरला आणि तो किती दिवस टिकेल, याचा उल्लेख नाही.

आमच्या मागण्या अशा : ६० खरे मिथाइल युजेनॉल ल्युअर आठ दिवसांत, आपल्या खर्चाने पाठवावेत. तोडणी तोंडावर आहे, त्यानंतर ते आमच्या उपयोगाचे नाहीत. या बॅचची प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल द्यावा. हीच बॅच घेतलेल्या इतर बागायतदारांना आजच कळवावे. त्यांच्या सापळ्यांतही माश्या दिसत असतील आणि तेही गाफील असतील. चुकीच्या ल्युअरची रक्कम परत करावी.

बिलाची प्रत, दोन्ही सापळ्यांतील माश्यांचे फोटो आणि न उघडलेली दोन पाकिटे सोबत जोडली आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू.

आपले,
संत्रा उत्पादक शेतकरी गट, काटोल