देवदूत टांगण्याचा मान

‘मुलांना देवदूतांच्या भाकडकथा सांगू नका’ हा लेख वाचला. तो पटला नाही. वसईत आमच्या घरी नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, रचताना पेंढा पसरणे, मेंढपाळ मांडणे हे मोठ्यांचे काम. छपरावर दोऱ्याने देवदूत टांगायचा मान मात्र सर्वांत लहानाचा. गेल्या वर्षी सहा वर्षांच्या नातीने तो टांगला आणि त्याला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. यात फसवणूक कुठे आहे? १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, गाढव आणि गवत आणून येशूजन्माचा हा प्रसंग उभा केला, तो लोकांना डोळ्यांनी पाहता यावा म्हणूनच. मूल वाढले की देवदूत खरे असतात का, हे आपसूक विचारते. नातीच्या आईनेही नवव्या वर्षी विचारले होते. मला जे ठाऊक होते ते मी प्रामाणिकपणे सांगितले. आजही गोठ्याचा पेंढा तीच आणते.

– एक वाचक, वसई